वर्ध्याच्या बोर जंगलात नदीच्या पात्रातून पायी का फिरता येत नाही?

उंच काळे कडे, मधून वाहणारं पाणी, दगडांवरून उड्या मारत जाणारी तरुण मंडळी आणि मागे वाजणारं एखादं गाणं. घळईतल्या ट्रेकची अशी रील आता कुणाला नवीन नाही. ती पाहिली की विदर्भातल्या अनेकांना प्रश्न पडतो, आपल्या जवळपास असं काही आहे का? नदी, डोंगर आणि जंगल एकत्र म्हटलं की वर्धा जिल्ह्यात पहिलं नाव निघतं ते बोरचं.

बोरला नदी आहे, टेकड्या आहेत, सागवानाचं जंगल आहे आणि वाघही आहेत. पण या जंगलाच्या गाभ्यात पर्यटकाला पायी फिरता येत नाही. नदी-नाल्याचं जे पात्र फोटोत सगळ्यात सुंदर दिसतं, तिथेच उतरायला मनाई आहे. ही मनाई का आहे, ती मोडली तर काय होऊ शकतं, आणि नदीची घळई पायीच बघायची असेल तर कुठे जायचं, ते पाहू.

बोर नेमकं कुठे आहे?

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात हिंगणी गावाच्या पुढे बोर नदीवर धरण आहे. सिंचनासाठी बांधलेलं हे धरण १९६० च्या दशकातलं. धरण आणि त्याच्या शेजारची वस्ती, दोन्हीला लोक बोरधरणच म्हणतात. वर्धा शहरातून इथे साधारण तासाभरात पोहोचता येतं, तर नागपूरहून दीड ते दोन तास लागतात.

धरणाच्या मागच्या टेकड्यांमधलं जंगल १९७० मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तेव्हा त्याचं क्षेत्र जेमतेम ६१ चौरस किलोमीटर होतं. पुढे २०१२ मध्ये त्याला लागून 'न्यू बोर' अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये हे सगळं मिळून बोर व्याघ्र प्रकल्प झाला. त्या वेळी तो देशातला सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला गेला. त्याचं गाभा क्षेत्र आहे सुमारे १३८ चौरस किलोमीटर. त्याभोवती नंतर बफर क्षेत्रही जाहीर झालं.

१३८ चौरस किलोमीटर म्हणजे किती? बारा किलोमीटर लांब आणि साडेअकरा किलोमीटर रुंद एवढा तुकडा. ताडोबाचा गाभा याच्या चौपटीहून मोठा आहे. एका प्रौढ नर वाघाचा इलाखा शंभर चौरस किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, हे लक्षात घेतलं की बोर किती लहान आहे ते कळतं.

म्हणजे बोर हे नॅशनल पार्क आहे का?

नाही. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. यातली पहिली चार विदर्भात आहेत, पण वर्धा जिल्ह्यात एकही नाही. बोर हे कायद्यानं अभयारण्य आहे आणि त्यावर व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा आहे.

या तीन शब्दांची नेहमी गल्लत होते. अभयारण्यात स्थानिक लोकांचे काही हक्क, उदाहरणार्थ ठरावीक भागात गुरं चारणं, परवानगीनं चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात नियम जास्त कडक असतात आणि तिथे चराईला बंदी असते. व्याघ्र प्रकल्प हा या दोन्हींच्या वर बसवलेला व्यवस्थापनाचा थर आहे. त्यात मधला गाभा माणसांच्या वावरापासून मोकळा ठेवायचा असतो आणि भोवतीच्या बफरमध्ये गावं, शेती आणि जंगल एकत्र नांदतात. मेळघाटातली ताडोबापेक्षाही मोठी जंगलपट्टी, म्हणजे गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि त्याभोवतीचं अभयारण्य, मिळून मेळघाट व्याघ्र प्रकल्प होतो, तो याच पद्धतीनं.

पर्यटकासाठी मात्र अर्थ एकच. पाटीवर राष्ट्रीय उद्यान लिहिलेलं असो, अभयारण्य असो की व्याघ्र प्रकल्प, परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

वर्ध्यात सह्याद्रीसारखी खोल घळई का नाही?

नदी वेगानं खाली उतरत असेल, तर ती पात्र रुंद करण्याआधी खोल कापत जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये अरुंद पात्र तयार होतं. भूगोलाच्या पुस्तकात याला घळई म्हणतात. सह्याद्रीत अशा जागांना लोक घळ किंवा नाळ म्हणतात.

सह्याद्री आणि वर्धा, दोन्हीकडचा खडक मुख्यतः एकच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला काळा बेसॉल्ट. फरक उताराचा आहे. सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी कोकणात उतरताना थोड्याच अंतरात शेकडो मीटर खाली कोसळतं. त्या जोरानं खडकातल्या भेगा रुंद होत जातात आणि सांदण दरीसारखी जागा तयार होते.

बोरच्या टेकड्या सातपुड्याच्या बाजूनं आलेल्या, तुलनेनं बुटक्या आहेत. इथल्या पाण्याला तसा उभा कडा मिळत नाही. बोरचं पाणी संथपणे वर्धा नदीच्या खोऱ्यात जातं. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत मिसळते. म्हणून इथे दिसतात त्या उंच भिंतींच्या घळया नसून, काठ कोरत गेलेले वळणावळणाचे नाले असतात. पावसाळ्यात ते भरून वाहतात. हिवाळ्यात त्यांची धार बारीक होते. उन्हाळ्यात बहुतेक पात्र कोरडं पडतं आणि पाणी उरतं ते मोजक्या डोहांमध्ये आणि धरणाच्या जलाशयात.

पायी फिरण्याचा प्रश्न अडतो तो नेमका या डोहांपाशी.

नाला हाच वाघाचा रस्ता कसा?

एप्रिल-मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. सागाची पानं गळालेली असतात, गवत वाळलेलं असतं, जमीन तापलेली असते. अशा वेळी जंगलात थोडा गारवा उरतो तो नाल्यांमध्ये. काठ उंच असल्यानं सावली पडते. ओल टिकून असल्यानं काठावरची झाडं, बांबू आणि झुडपं हिरवी राहतात. डोहात पाणी असतं.

चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर यांना पाण्यासाठी तिथे यावंच लागतं. त्यांच्यामागे वाघ, बिबट्या आणि रानकुत्री येतात. वाघाला उकाडा सोसत नाही. दुपारी तो पाण्यात शरीर बुडवून बसलेला दिसतो, ते याच कारणानं. शिवाय नाल्याची वाळू मऊ असते. काटेरी झुडपातून आवाज करत जाण्यापेक्षा वाळूवरून गुपचूप चालणं त्याला सोयीचं पडतं.

वन कर्मचाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. देशभरात दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तेव्हा वाघाच्या खुणा शोधण्यासाठी वनरक्षक ज्या वाटा चालतात, त्यात कोरडे नाले आणि नदीची पात्रं असतातच. पाऊलखुणा सगळ्यात स्पष्ट उमटतात त्या तिथल्या वाळूत.

थोडक्यात, माणसाला जी जागा 'किती छान, शांत, सावलीची' वाटते, ती जंगलातल्या प्रत्येक प्राण्यालाही तशीच वाटते. घळईत ट्रेक करणारा माणूस जिथे थांबून डबा उघडेल, तिथेच वाघीण पिल्लांना घेऊन बसलेली असू शकते.

जिप्सीतून चालतं, मग पायी का नाही?

हा प्रश्न बोरच्याच काय, प्रत्येक जंगलाच्या गेटवर विचारला जातो. उत्तर प्राण्यांच्या सवयीत आहे. सफारीची गाडी रोज ठरावीक वेळी, ठरावीक रस्त्यावरून येते. ती रस्ता सोडत नाही, पाठलाग करत नाही आणि थोड्या वेळानं निघून जाते. वर्षानुवर्षं हे पाहिलेल्या प्राण्यांच्या लेखी गाडी म्हणजे आवाज करणारी एक निरुपद्रवी वस्तू. त्याच गाडीतून माणूस खाली उतरला की चित्र बदलतं. आता समोर एक वेगळाच प्राणी उभा असतो. हरणं पळतात आणि वाघ सावध होतो.

वाघ सहसा माणसाला टाळतो. चाहूल लागली तर तोच आधी बाजूला होतो. धोका असतो तो अचानक समोरासमोर येण्यात. नाल्यात तसं होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. वळणापलीकडचं दिसत नाही. वाहत्या पाण्यात पावलांचा आवाज बुडतो. दोन्ही काठ उंच असल्यानं माणसाला पळायला जागा नसते आणि प्राण्यालाही. पिल्लांसोबतची वाघीण किंवा शिकारीवर बसलेला वाघ असेल, तर तो मागे हटेलच असं नाही.

अस्वलाचा धोकाही तेवढाच मोठा आहे. त्याची नजर अधू असते आणि जमीन हुंगत, वाळवी शोधत तो आपल्याच नादात असतो. माणूस अगदी जवळ आल्यावर तो दचकतो आणि थेट अंगावर येतो. मध्य भारतात अस्वलाच्या हल्ल्यांत चेहऱ्यावर आणि डोक्यावर गंभीर जखमा झालेली माणसं गावोगावी भेटतात.

सराव असलेल्या माणसालाही जंगल माफ करतंच असं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी खुणा शोधत चालणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली दिसल्यावर ही तुकडी थांबली होती आणि नंतर झाडीतून वळसा घेऊन निघाली होती. ती माणसं त्या जंगलाला ओळखणारी होती. पहिल्यांदाच आलेल्या, मोबाइल हातात धरून चालणाऱ्या पर्यटकाची त्यांच्याशी तुलनाच होऊ शकत नाही.

पण गावातले लोक तर जंगलात चालतात!

चालतात, आणि त्याची किंमतही मोजतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला विदर्भातल्या हजारो कुटुंबांना जंगलात जावंच लागतं. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्यातून येतो. खाली वाकून काम करणारा माणूस वाघाला दुरून चार पायांच्या सावजासारखा भासू शकतो, असं अभ्यासक सांगतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

हे लोक पोटासाठी जातात, तेही बहुतेक बफर किंवा प्रादेशिक वनातल्या ओळखीच्या वाटांनी. त्यांना पाहून 'मग आम्ही का नाही?' असं विचारणं योग्य नाही. उलट वाघासाठी जागा मोकळी व्हावी म्हणून मेळघाटसारख्या ठिकाणी अनेक गावांनी गाभ्यातली आपली घरं, शेतं सोडली आहेत. ज्या जागेवरून माणसं उठवून बाहेर वसवली, तिथे पर्यटकांनी मौजेसाठी पायवाटा पाडाव्यात, हे न्यायाचंही नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या कलम २७ नुसार अभयारण्यात कोण जाऊ शकतं यावर बंधन आहे. कलम २८ नुसार वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठी परवानगी देता येते, पण ती अटींसह. कलम ३५ मुळे हेच नियम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. आत आग पेटवणं, शस्त्र नेणं यांनाही स्वतंत्र कलमांनी मनाई आहे.

या कायद्याचा भंग केल्यास कलम ५१ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये झाली आहे. म्हणजे 'पकडलं तर पाचशे रुपये देऊ' अशी ही गोष्ट नाही. नाल्यात उतरून काढलेली रील तुम्हीच टाकलेली असेल, तर पुरावाही तुम्हीच दिलेला असतो.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येतो. बोरच्या १३८ चौरस किलोमीटरचा हिशेब केला, तर ही मर्यादा होते सुमारे २८ चौरस किलोमीटर. उरलेला भाग जनावरांचा. याच सूचनांमध्ये वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायलाही सांगितलं आहे.

मग बोरला जाऊन बघायचं काय?

बरंच काही. फक्त अपेक्षा बदलायला हवी.

बोरधरणच्या गेटवरून सकाळी आणि दुपारी सफारी निघतात. वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी बुकिंग करता येतं. ओळखपत्र सोबत लागतं आणि नोंदणीकृत गाइड घ्यावाच लागतो. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्यातलं पर्यटन बंद असतं आणि ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होतं. दर, वेळा आणि आठवड्याची सुट्टी बदलत असते, त्यामुळे निघण्याआधी खात्री करून घेतलेली बरी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवं असतं, नाले वाहत असतात. निसर्गासाठी जायचं तर हा काळ सगळ्यात देखणा, पण दाट गवतामुळे प्राणी कमी दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते आणि धरणाच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी बघायला मिळतात. एप्रिल ते जून प्राणी दिसण्याची शक्यता सर्वाधिक, कारण सगळे पाण्याशी येतात. त्यासाठी विदर्भाचं ऊन सोसायची तयारी मात्र लागते. डोक्याला दुपट्टा, भरपूर पाणी आणि मातकट रंगाचे कपडे, एवढं तरी हवंच.

जंगलात गाडीबाहेर बसून रात्र काढायचीच असेल, तर बुद्धपौर्णिमेला राज्यातल्या अनेक व्याघ्र प्रकल्पांमध्ये वन विभाग मचाणावरच्या 'निसर्ग अनुभव' उपक्रमासाठी मोजक्या लोकांना प्रवेश देतो. पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसायचं आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची. नाल्यात उतरून जे कधीच दिसणार नाही, ते मचाणावर गप्प बसल्यावर दिसू शकतं.

नदीकाठी पाय मोकळे करायचेच असतील, तर वर्ध्याजवळ पवनार आहे. धाम नदीच्या काठावर विनोबा भावे यांचा आश्रम आहे. इथे नदीचं खडकाळ पात्र जवळून बघता येतं. सेवाग्रामही वाटेतच पडतं. बोरची सकाळची सफारी आणि दुपारनंतर पवनार-सेवाग्राम, असा एक दिवस सहज जमतो.

घळई पायीच बघायची असेल तर कुठे जावं?

महाराष्ट्रात यासाठी सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे सांदण दरी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या शेजारी ती आहे. ही जागाही संरक्षित क्षेत्रातच येते, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. पण इथे ठरलेल्या वाटेनं, शुल्क भरून उतरता येतं. दोन उभ्या कड्यांमधली अरुंद फट, प्रचंड धोंडे, मध्ये पाण्याचे दोन डोह आणि खालच्या टप्प्यात दोर लावून उतरायचे कडे, असा हा ट्रेक. पूर्ण दरी उतरली की माणूस थेट कोकणच्या बाजूला पोहोचतो. हिवाळा आणि उन्हाळा हाच तिचा मोसम आहे. पावसाळ्यात ती पाण्याची वाट असते. 'आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी' असा जो दावा फॉरवर्ड होत असतो, त्यासोबत आधार मात्र कुणी देत नाही. दरी सुंदर आहे, तिला अशा किताबाची गरज नाही.

राष्ट्रीय उद्यानातच पायी चालायचं असेल, तर मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हा राज्यातला वेगळा अपवाद. कान्हेरी लेण्यांपर्यंत लोक चालत जातात आणि शिलोंढासारख्या ओढ्याकाठच्या वाटांवर परवानगी व मार्गदर्शक घेऊन जाता येतं. तिथेही बिबटे आहेत, म्हणूनच वाट आणि वेळ दोन्ही ठरवून दिलेली असते.

विदर्भातच राहायचं तर चिखलदरा आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान याच मेळघाटात येतं आणि सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या नद्या इथूनच तापीकडे जातात. चिखलदऱ्याच्या पंचबोल आणि भीमकुंड या जागांवरून खोल दऱ्या काठावर उभं राहून बघता येतात. भीमानं कीचकाला मारून याच दरीत फेकलं आणि कीचकदराचं चिखलदरा झालं, अशी आख्यायिका आहे. खाली राष्ट्रीय उद्यानात उतरायचं झालं, तर तिथेही बोरसारखेच नियम लागू होतात.

राज्याबाहेर, नागपूरहून जबलपूरला गेलं की भेडाघाट लागतं. नर्मदेनं संगमरवराचा खडक कापून केलेली ही घळई नावेतून बघायची असते. पावसाळ्यात नावा बंद असतात.

परदेशातलं उदाहरण घ्यायचं तर ग्रीसच्या क्रीट बेटावरची समारिया घळई. हे राष्ट्रीय उद्यान १९६२ मध्ये झालं, तेव्हा आतल्या समारिया गावातले लोक बाहेर हलवले गेले. आज तिथे सुमारे १६ किलोमीटरची पायवाट आहे आणि हिवाळ्यात पुराच्या भीतीनं ती बंद ठेवतात. तिथे वाघ-अस्वलं नाहीत, म्हणून चालणं शक्य झालं. पण ठरलेली वाट आणि ठरलेला मोसम हे तिथेही चुकत नाही.

घळईत उतरण्याआधी काय लक्षात ठेवावं?

घळईत दगड पडण्यापेक्षाही मोठा धोका पाण्याचा असतो. बेसॉल्टमध्ये पाणी फारसं मुरत नाही. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला की ते सगळं पाणी या अरुंद फटीत येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पूर येऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी काही क्षणांत वाढलं होतं. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबर २०१५ मध्ये एका अरुंद घळईत शिरलेले सात जण अशाच अचानक आलेल्या पुरात दगावले.

त्यामुळे काही गोष्टी पक्क्या असाव्यात:

- घळईच्या वरच्या भागात पाऊस आहे का, हे गावातल्या माणसाला विचारूनच उतरावं. मोबाइलवरचा अंदाज पुरेसा नाही.
- स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा किंवा काटक्या वाहू लागल्या, किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून लगेच उंचावर जावं.
- धरणाच्या खालच्या पात्रात कधीही उतरू नये. पाणी सोडलं तर ते वर यायला वेळ लागत नाही. हे बोर धरणालाही लागू आहे.
- शेवाळलेल्या बेसॉल्टवर नवे स्पोर्ट्स शूजही घसरतात. सेल्फीसाठी एक पाऊल मागे घेतानाही अपघात होतात.
- घळईत नेटवर्क नसतं. कुठे चाललो आणि कधी परतणार, हे गावात आणि घरी सांगून ठेवावं.
- दुपारनंतर उतरायला सुरुवात करू नये. घळईत अंधार लवकर पडतो.

एवढ्याशा बोरची एवढी काळजी का?

कारण बोर एकटं नाही. नकाशावर पाहिलं तर एका बाजूला मेळघाट, दुसऱ्या बाजूला पेंच, तिसऱ्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा. या जंगलांमध्ये ये-जा करणाऱ्या वाघांसाठी बोर हा मधला मुक्काम आहे. वाघाची पिल्लं मोठी झाली की त्यांना स्वतःचा इलाखा शोधत बाहेर पडावं लागतं. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतं, रस्ते, गावं ओलांडत तेराशे किलोमीटरच्या आसपास चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता.

सगळेच पोहोचत नाहीत. बोरमध्ये ओळखला जाणारा 'बाजीराव' नावाचा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज आला. २०१८ मध्ये हा आकडा ३१२ होता. वाघ वाढले, पण त्यांची जंगलं तेवढीच राहिली. अशा वेळी बोरसारख्या लहान जंगलातला प्रत्येक डोह आणि प्रत्येक सावलीचा नाला मोलाचा ठरतो. मे महिन्याच्या दुपारी एका डोहाशी चार माणसं तासभर बसली, तर त्या तासात तिथे पाणी प्यायला येणारे सगळे प्राणी तहानलेले परत जातात. त्यांच्यासाठी पुढचं पाणी काही किलोमीटरवर असू शकतं.

म्हणून बोरचा बेत आखत असाल, तर सफारीचं बुकिंग करा, गाइडचं ऐका आणि नाल्यावरच्या पुलाशी गाडी थांबली की खाली न उतरता पात्रातल्या वाळूकडे बघा. तिथे पाऊलखुणा दिसल्या, तर रात्री तिथून कोण गेलं हे गाइड सांगेल. आणि घळईत चालण्याचीच हौस असेल, तर हिवाळ्यात साम्रदची गाडी धरा.